तोंड उघड बघू

रात्रीचे साडेदहा. घरातले सगळे झोपलेत आणि तुम्ही दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसला आहात. टाकीत पाच मासे. वीतभर लांब, हिरवट-पिवळ्या अंगावर निळसर चमकत्या रेघा, कपाळ उंच आणि डोळे इतके वर बसवलेले की चेहऱ्यावर कायमची तक्रार दिसते. दुकानदारानं ‘अर्थईटर’ म्हणून दिले. मूळचे ब्राझीलकडचे, म्हणाला. शास्त्रीय नाव जिओफॅगस. ग्रीक शब्दांवरून केलेल्या त्या नावाचा अर्थही तोच, माती खाणारा.

मराठीत माणसानं माती खाल्ली म्हणजे काय झालं हे वेगळं सांगायला नको. याचं मात्र पोटच माती खाण्यावर चालतं. बघा ना. एक जण तिरका होतो, नाकाड वाळूत खुपसतो, तोंड भरून वाळू उचलतो आणि जरासा वर येऊन थबकतो. गाल हलतात, पान चघळत बसलेल्या आजोबांसारखे. मग दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या बारीक धारा झरू लागतात. वाळूतल्या अळ्या, जंत, बारीक बिया आत राहतात आणि बाकीची वाळू जिथली तिथे जाते. पहिल्या कल्ल्याच्या कमानीवर याला एक मांसल पाळी असते, घशात दुसरा जबडा असतो. हा दुसरा जबडा याच्या सगळ्या कुळाकडेच आहे. सिक्लिड म्हणतात त्या कुळाला.

गाळ आणि गाळणं हे शब्द एकाच घरचे आहेत, हे हा मासा बघितला की पटतं. तुम्ही नाशिकचे, म्हणून तुम्हाला आणखी एक शब्द आठवतो: झारेकरी. सराफांच्या दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ पाटीत घेऊन धूत बसणारे, त्यातून सोन्याचे कण काढणारे. त्यांच्या हातांना जी सवय असते, ती याच्या गालांना आहे. दिवसभर तेच. हजार घासांत एखादा कण.

या माशासाठी जाड खडी चालत नाही, कल्ल्यात अडकते. म्हणून तुम्ही बारीक वाळू आणलीत, चाळलीत, सात पाण्यांनी धुतलीत. तरी पहिले दोन दिवस टाकी चहासारखी गढूळ होती. ती वाळू नदीची आहे. आपल्याच कुठल्या तरी नदीची.

माती खाल्ली म्हणून यशोदेनं पोराला आ करायला लावलं आणि तिला आत काय काय दिसलं, ती गोष्ट तुम्हाला आठवते. अर्धवट झोपेत तुम्ही काचेला नाक लावता आणि म्हणता, तोंड उघड बघू.

तो उघडतो.

आता एकच नियम लक्षात ठेवा. प्रत्येक घासाला तुम्ही खाली जाणार. खाली म्हणजे मागे. गाळात तारखा लिहिलेल्या नसतात, पण कुठली आधीची हे सांगायला गाळ पुरतो.

पहिलाच घास दातांवर आपटतो. तुम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीवर आहात, रामकुंडाच्या जवळपास, गुडघाभर पाण्यात. तोंड खुपसायला तुम्ही वाकता आणि खाली काँक्रीट लागतं. साल 2003, सिंहस्थाचं. पाय घसरू नयेत, गर्दी नीट उतरावी, पात्र स्वच्छ दिसावं, म्हणून नदीला तळ घातलाय, संडासाला फरशी घालावी तसा. पुढे यावरून वाद कोर्टापर्यंत जाणार आहे आणि काही कुंडांतलं काँक्रीट खरवडून काढायचं कामही सुरू होणार आहे. पण आत्ता, या घासात, खाली काही नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजणारं हे गाव. पूर दरवेळी गाळ घेऊन येतो आणि ठेवायला जागा शोधतो. इथं त्याला जागा नाही. माती खाणाऱ्याला उपाशी मारायचं असेल तर याहून सोपा उपाय नाही.

चला, खाली.

थंडी आहे. कोवळं ऊन, तंबाखूचा वास, घमेल्यांचा खणखणाट. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीच्या कडेला तुम्ही उभे आहात आणि तुमच्या पायांशी एक खड्डा आहे, काठ सुरीनं कापल्यासारखे सरळ. 1950-51 चा हंगाम. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी आली आहेत, हसमुख सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव. खड्ड्याच्या भिंतीवर मातीचे पट्टे दिसतात, कुठे राखेचा करडा, कुठे विटकरी, कुठे काळा. वर मराठे-मुसलमानी काळ, खाली सातवाहनांचा, आणि तळाशी लोखंड माहीत नसलेली माणसं. घमेल्यातून माती वर येते, चाळणीवर पडते, हात फिरतो. खापर राहतं, मणी राहतो, माती खाली गळते. तुम्ही बघत राहता. ही हालचाल तुम्ही कुठे तरी पाहिली आहे. अर्ध्या तासापूर्वी, काचेपलीकडे.

या उत्खननाचा अहवाल संगमनेरजवळच्या जोर्व्याच्या उत्खननासोबत 1955 मध्ये छापला जाईल आणि नगर जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावाचं नाव एका आख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळेल. पण सांकलियांचं लक्ष नुसतं गढीवर नाही. ते गावाबाहेर गंगापूरकडेही जातात. तिथं गोदावरीच्या काठच्या दगडगोट्यांच्या थरांत त्यांना आदिमानवाची हत्यारं मिळाली आहेत. त्यावरचं पुस्तक 1952 मध्ये येतं.

हे 1952 साल जरा धरून ठेवा. कारण त्याच वर्षी दूर दक्षिणेला, रामेश्वराच्या अलीकडे मंडपमला, श्रीलंकेतून काही मासे आणले जातात. काळपट, काटेरी पराचे, फार देखणे म्हणता येणार नाहीत असे. मोझांबिकचा तिलापिया. विल्हेल्म पीटर्स नावाच्या जर्मन माणसानं बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1852 मध्ये, त्याचं शास्त्रीय वर्णन केलं होतं. आपल्याकडे बाजारात त्याला चिलापी म्हणतात. पंचवटीतून निघालेला राम रामेश्वरावरून लंकेला गेला. हा मासा तोच रस्ता उलटा धरून पंचवटीकडे निघाला आहे. विनोद बरा आहे, पण त्या काळात कुणी हसत नव्हतं. देश नवा होता, धान्य अपुरं होतं, आणि कुठल्याही डबक्यात वाढणारा, काहीही खाणारा, सांगितल्याशिवाय वीण वाढवणारा मासा म्हणजे घरबसल्या सुटलेला प्रश्न वाटत होता.

तुम्ही मंडपमच्या हौदाच्या काठावरून खाली बघता. एक नर तळाच्या चिखलात तोंड खुपसतो, तोंडभर चिखल उचलतो, बाजूला नेऊन थुंकतो. परत. परत. संध्याकाळपर्यंत परातीएवढा गोल खड्डा तयार. तुमच्या टाकीतल्याचाच हा चुलतभाऊ, तोही सिक्लिड, फक्त याचं माती उचलणं जेवणापेक्षा जास्त घरासाठी. मादी येते, खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच सगळी अंडी तोंडात उचलून निघून जाते. पिल्लं बाहेर पडली तरी सावली दिसताच आईच्या तोंडात परत. एवढं जपल्यावर पिल्लं मरतात कशाला! दोन-तीन महिन्यांत तीच पिल्लं स्वतः संसाराला लागतात. तळं भरतं, पण बोटाएवढ्या माशांनी. खाणारी तोंडं वाढली की कुणाचंच अंग धरत नाही, हे काही माशांपुरतं नाही.

1959 मध्ये मत्स्यसंशोधन समितीनं या माशाचा प्रसार थांबवायला सांगितलं. सात वर्षं. तोवर तो तळ्यांतून, हौदांतून, कालव्यांतून निसटला होता. पुढे 1965 मध्ये गंगापूरचं मातीचं धरण पूर्ण झालं आणि जिथं सांकलिया गोटे उलटत फिरले त्या परिसरात साचलेलं, उबदार, संथ पाणी आलं. चिलापीला याहून जास्त काय हवं होतं?

पुढचा घास मोठा आहे. डोळे मिटा.

उघडलेत तेव्हा काठावर एक गोरा साहेब मोडक्या मराठीत भोयांशी बोलतो आहे. घोडं झाडाला बांधलंय. साल 1830 च्या आसपासचं, आणि साहेब म्हणजे विल्यम सायक्स, मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. दख्खनभर फिरून तो जमीन, पिकं, माणसं, पक्षी, मासे असं सगळं टिपत चालला आहे. जाळं झटकलं जातं, मासे गवतावर तडफडतात, आणि साहेब प्रत्येकाकडे बोट दाखवून विचारतो, याला काय म्हणता? भोई सांगतात. तो लिहून घेतो. 1839 मध्ये लंडनमध्ये दख्खनच्या माशांवरचा त्याचा लेख येईल तेव्हा लॅटिन नावांच्या शेपटाला इथले बोल लटकलेले असतील: खुद्री, मुसुल्ला, बोगट, इचकीया, नुक्ता. या शेवटच्याच्या नाकाडावर खाच आहे, आणि मला तरी त्या नावामागे आपला ‘नकटा’ ऐकू येतो. कुणा भोयानं हसत सांगितलेलं टोपणनाव शास्त्रात जाऊन बसलं, ते आजही तिथंच आहे.

गवतावरचे मासे नीट बघून घ्या. बोगट तळाला तोंड लावून चरणाराच. खरवे आहेत, शिंगाडे आहेत, कोळशी आहेत. चिलापी नाही. सिक्लिड म्हणावा असा एकही नाही. गोदावरीच्या या वरच्या अंगाला तळ चाळायचं काम दुसऱ्याच घराण्यांकडे आहे आणि त्यांचं बरं चाललं आहे.

थोड्याच वर्षांनी व्हिएन्नात योहान हेकेल नावाचा माणूस स्पिरिटच्या बरण्यांसमोर बसला आहे. त्या बरण्या योहान नाटररनं ब्राझीलहून आणल्यात. 1817 ते 1835, अठरा वर्षं तो तिथल्या नद्यांवर भटकला. हेकेल एकेकाचं तोंड चिमट्यानं उघडतो, कल्ला उचलून आतली ती मांसल पाळी बघतो, आणि 1840 मध्ये छापून टाकतो: जिओफॅगस. म्हणजे सायक्स भोयांना विचारून नावं ठेवत होता आणि हेकेल माशाच्या तोंडात बघून. दोघांच्या लेखांत एका वर्षाचं अंतर. 

आणखी खाली. इथून वेग वाढतो, भोवळ आली तर त्रिरश्मीच्या डोंगराकडे बघा, तो हलत नाही. त्यात पांडवलेणी नुकती कोरली जात आहेत. छिन्नीचे आवाज, दगडाची भुकटी वाऱ्यावर. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी दगडावर लिहवून घेतो आहे: दमण, डहाणू, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजानं, त्यातून भिक्षूंना चीवरं मिळावीत म्हणून. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर-गोवर्धनच. माणसं ठेव ठेवतात, नदीही ठेवते. श्रेणीचा हिशेब बुडाला, नदीचा मातीच्या गढीखाली अजून आहे.

खाली. गढी नाही, गाव नाही, शेतीसुद्धा नाही. गंगापूरच्या वळणावर एक हात दगडावर दगड आपटतो, कपचा उडतो. तो हात तुम्हाला दिसतो, चेहरा दिसत नाही. हत्यार निसटून गोट्यांत पडतं. पडू द्या, ते सांकलियांना सापडायचं आहे.

आता गाळ संपतो. मासा नाकाड खुपसतो आणि खाली खडक लागतो, पण काँक्रीटसारखा नव्हे. हा गरम आहे.

6 कोटी 60 लाख वर्षं मागे. ब्रह्मगिरी नाही, म्हणून त्र्यंबकला उगम नाही, म्हणून गोदावरी नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा येतो आणि दिसेल तिथवर पसरतो. थंडावतो, मध्ये हजारो वर्षं शांत जातात, वर माती धरते, तळी होतात, तळ्यांत मासे होतात. मग पुन्हा लाव्हा. नागपूरकडे अशा दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात माशांचे अवशेष दगड होऊन बसलेत. इकडच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी जव्हार, इगतपुरी अशी नावं दिली आहेत. कसाऱ्याहून रेल्वेनं घाट चढताना खिडकीतून जे पायऱ्यांसारखे कडे दिसतात, ते हे थर. पुढे याच खडकाचा भुगा होईल, पावसानं सुटेल, नदीत जाईल आणि काळा, चिकट, द्राक्षांना मानवणारा गाळ बनेल. आत्ता तो लाल आहे आणि वाहतो आहे.

एक घास उरला. 8 कोटी 80 लाख.

पश्चिमेकडे बघा. जिथं अरबी समुद्र असायला हवा तिथं जमीन आहे, आणि ती फाटत चालली आहे. पलीकडचा तुकडा मादागास्कर. तुम्ही उभे आहात ती जमीन विषुववृत्ताच्या खूप दक्षिणेला आहे आणि उत्तरेकडे निघाली आहे.

मादागास्करच्या नद्यांत आज सिक्लिड घराण्यातले काही मासे आहेत, तिथं त्यांना दंबा म्हणतात. त्यांचे जगातले सर्वांत जवळचे नातेवाईक आफ्रिकेत राहत नाहीत, आपल्याकडे राहतात: कोकणातलं, गोव्यातलं कालुंदर आणि त्याची भावंडं. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरनं 1790 मध्ये त्याला सुरतेचं नाव चिकटवलं. केरळनं 2010 मध्ये त्याला राज्यमासा केला. हे नातं जुळलं कसं, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ते या फाटणाऱ्या जमिनीवर बसूनच आले, दोन्ही तुकड्यांवर थोडे थोडे उरले. दुसरा पक्ष जनुकांचा हिशेब मांडून म्हणतो की हे कुळच तेवढं जुनं नाही. सिक्लिडांचे अगदी जुने जीवाश्म टांझानियातले, साधारण 4 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे समुद्र ओलांडून आले असणार. कालुंदर खाडीच्या मचूळ पाण्यात मजेत राहतं, त्यामुळे हेही अशक्य वाटत नाही. तुम्ही समोर फाटणारी जमीन बघताय, पण तिच्या पाण्यात वाकून बघायला तुम्हाला वेळ मिळत नाही. मासा तोंड मिटू लागला आहे.

वर येताना मनात एकच गोष्ट घोळत राहते. कालुंदर आपलं आणि चिलापी परकी, असं आपण बिनधास्त म्हणतो. दोन्ही एकाच कुळातली. कालुंदरही कधी तरी कुठून तरी आलंच. पण ते आलं तेव्हा नदीला, खाडीला, शेजारच्या माशांना सवय करून घ्यायला लाखो वर्षं मिळाली. चिलापीनं बोगटाला, नकट्याला सत्तर वर्षं दिली. माझी तक्रार चिलापीच्या जन्मगावाबद्दल नाहीच, तिच्या घाईबद्दल आहे. आणि ती घाईसुद्धा तिची नव्हती, हौदाच्या काठावर उभ्या असलेल्या आपली होती.

पहाट होताना तुम्ही निफाडकडे, नांदूर मधमेश्वरला पाण्याबाहेर येता. इथं गोदावरी आणि कादवा भेटतात, आणि इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं बंधारा घातला. पाणी अडलं, त्याबरोबर गाळही अडला. साठवण म्हणून बघितलं तर बंधारा भरत, म्हणजे फसत गेला. पण गाळाची बेटं झाली, बेटांवर गवत आलं, गवतात पक्षी आले, आणि 2020 च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. गाळाचं एवढं कौतुक आपल्याकडे क्वचितच होतं. चमच्या पक्ष्यांची रांग उथळ पाण्यातून चालली आहे, चोची डावी-उजवीकडे चाळत. यांचाही तोच धंदा. काठालगत, जिथं पाणी वीतभर आहे, चिखलात परातीएवढे गोल खड्डे आहेत, शेजारी शेजारी. कुणाचे ते तुम्हाला आता सांगावं लागत नाही.

उजाडल्यावर तुम्ही बाजारात. मावशी ओल्या पोत्यावर मासे मांडून बसल्यात. रोहू, कटला, आणि कडेला ढिगानं चिलापी.

‘काटा कमी असतो बघा,’ मावशी म्हणतात. ‘पोरांना चालते. किती देऊ?’

‘अर्धा किलो. पण मावशी, याचं तोंड उघडून दाखवा ना.’

‘ताजी आहे हो, तोंड काय बघायचं?’ तरी त्या अंगठ्यानं जबडा खाली दाबतात, कल्ला वर उचलतात. लालभडक. आत, कमानींच्या मधोमध, चिमूटभर काळा चिखल बसला आहे.

मावशी तो तांब्याभर पाण्यानं धुऊन टाकतात. पाणी पोत्यावरून गटाराकडे जातं, आणि तुम्ही अजून तिकडेच बघताय, म्हणून त्या दुसऱ्यांदा विचारतात, तुकडे करू की अख्खी?